लेकराच्या अंगावर पुरळ निघालं: गोवर, कांजिण्या की दुसरंच काही? एकेक करून कसं ओळखायचं

आधी लक्षणं. खालचं कोणतं वर्णन तुमच्या लेकराशी सर्वात जास्त जुळतं ते बघा. पूर्ण जुळलं नाही तरी चालेल, पुढच्या तपासण्यांनी ते पक्कं होतं.

- ३-४ दिवस चढता ताप, कोरडा खोकला, नाक गळतंय, डोळे लाल आणि उजेड नको वाटतोय, त्यानंतर कानामागून पुरळ: गोवर.
- थोडा ताप, पोटापाठीवर लाल ठिपके, काही तासांत त्यांचे पाणी भरलेले फोड, खाज: कांजिण्या.
- लाळ गळते, घास तोंडाला लावू देत नाही, तळहात, तळपाय, गुडघे आणि कुल्ल्यांवर फोड: हात-पाय-तोंडाचा आजार.
- वय ६ महिने ते २ वर्षं, ३ ते ५ दिवस सणसणीत ताप, आणि ताप उतरला त्याच दिवशी छातीपोटावर फिकट गुलाबी पुरळ: रोझिओला.
- दोन्ही गाल थापड मारल्यासारखे लाल, मग दंडामांड्यांवर जाळीसारखी नक्षी: पार्व्हो विषाणूचा आजार, याला ‘पाचवा आजार’ही म्हणतात.
- घसा दुखतो, ताप, अंगाला हात लावला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत: स्कार्लेट ताप.
- अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकतं, चेहरा लालबुंद: डेंग्यू.
- ताप नाही, मान, पाठ, कोपराच्या घडीत मोहरीएवढे दाणे: घामोळ्या.
- ताप नाही, उंच गांधी उठतात आणि काही तासांत जागा बदलतात: अंगावरचं पित्त.
- ताप नाही, रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात दाणे, घरात आणखी कोणी खाजवतंय: खरूज.

गल्लत होते ती ठरावीक ठिकाणीच. हात-पाय-तोंडाच्या आजाराला कांजिण्या म्हटलं जातं. रोझिओलाला औषधाची ॲलर्जी म्हटलं जातं, कारण तापात अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं आणि पुरळ नेमकं त्यानंतर दिसतं. डेंग्यूला गोवर म्हटलं जातं. आणि या सगळ्यांनाच ‘माता आली’ म्हटलं की पुढचा शोधच थांबतो. चूक बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: आपण ठिपक्याकडे बघत बसतो. ठिपका एकटा फारसं सांगत नाही. ताप आधी की पुरळ आधी, मध्ये किती दिवस गेले, आणि पुरळ अंगाच्या कोणत्या भागातून सुरू झालं, या तीन गोष्टींवर निम्म्याहून जास्त निदान उभं असतं.

तपासणी १: काचेचा ग्लास (अर्धा मिनिट, फुकट)

पारदर्शक काचेचा ग्लास घ्या. स्टीलचा नको, आरपार दिसायला हवं. त्याची बाजू पुरळावर घट्ट दाबा आणि काचेतून बघा. दाबल्यावर रंग फिका पडला तर रक्तवाहिन्या नुसत्या फुगल्या आहेत, बहुतेक विषाणूजन्य पुरळ असंच असतं. रंग तसाच राहिला, ठिपके लालजांभळे आणि टाचणीच्या टोकाएवढे किंवा मोठे असतील, तर रक्त कातडीखाली उतरलं आहे. मेंदूज्वराचा जिवाणू रक्तात पसरणं, डेंग्यूचा रक्तस्राव, प्लेटलेट खूप कमी होणं, यांत असं होतं.

ताप आहे आणि दाबूनही न जाणारे ठिपके आहेत, तर ही यादी इथेच सोडा आणि तासाभराच्या आत रुग्णालयात पोहोचा. मेंदूज्वराच्या जिवाणूत सकाळचे चार ठिपके संध्याकाळपर्यंत मोठे डाग होतात. म्हणूनच ही तपासणी सर्वात आधी ठेवली आहे.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर एक अडचण येते. पुस्तकांतले आणि मोबाइलवरचे बरेचसे फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यातला ‘लाल’ आपल्या लेकराच्या पाठीवर तपकिरी किंवा जांभळट दिसतो, कधी दिसतच नाही. म्हणून खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, बाजूने तिरका प्रकाश पडेल असं बसवून बघा आणि बोटं फिरवून उंचवटा जाणवतो का ते तपासा. काचेची तपासणी तळहात, तळपाय आणि पोटाच्या फिकट भागावर करा. न जाणारे ठिपके टाळूवर आणि पापणीच्या आतही शोधा.

तपासणी २: थर्मामीटर आणि कॅलेंडर

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना लेकरू नुसतं खेळून आलं तरी अंग तापलेलं लागतं. दहा मिनिटं सावलीत बसवा, काख पुसा, डिजिटल थर्मामीटर लावा. काखेत ९९.५ फॅरनहाइटच्या वर असेल तर ताप धरा.

ताप नसेल आणि लेकरू खेळतंय, खातंय, तर धोक्याची यादी बरीच लहान होते. राहतं ते घामोळ्या, पित्त, खरूज, कीटकांचे चावे, नायटा. घामोळ्यांत घामाची छिद्रं बुजलेली असतात, म्हणून जाड पावडर थापली की ती आणखी बुजतात. साध्या पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडा आणि वारा, एवढ्याने दोन-तीन दिवसांत ओसरतात. वारा म्हणजे कोरडा वारा. जूनच्या शेवटी पाऊस लागल्यावरही कूलरचं पाणी चालूच ठेवलं तर खोलीतला दमटपणा वाढतो आणि घामोळ्या हटत नाहीत. तेव्हा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

ताप असेल तर कागदावर तारखा लिहा: ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सुरू झाला, पुरळ कधी दिसलं, पुरळ निघाल्यावर ताप वाढला की उतरला. गोवरात पुरळ निघताना ताप आणखी चढतो, अनेकदा १०४ पर्यंत. रोझिओलात ताप संपतो आणि मग पुरळ येतं. कांजिण्यांत लहान मुलाला ताप आणि पुरळ जवळजवळ सोबतच येतात. हा फरक इतका भरवशाचा आहे की फोटो न बघताही निम्मी शंका मिटते.

डेंग्यूचं कॅलेंडर मात्र उलटं वाचायचं. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं ते याच सुमारास, आणि ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वात नाजूक असतात. अंगभर लाली आणि मध्ये मध्ये सुटलेले फिके गोल, असं पुरळही याच काळात दिसतं. पोटात दुखणं, सतत उलटी, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, अतिशय सुस्ती, यांतलं एकही असेल तर थेट भरती. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात नागपुरात ताप आणि पुरळ दिसलं की डेंग्यू यादीतून काढूच नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि उन्हाळ्यानंतर न उपसलेली कूलरची टाकी ही घरोघरची अशी जागा आहे.

तपासणी ३: पहिला ठिपका कुठे?

आईला, आजीला, दिवसभर सांभाळणाऱ्याला विचारा. कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होऊन चेहरा, मग छाती, मग पाय, असं तीन दिवसांत वरून खाली उतरलं तर गोवर. उतरतानाही वरूनच उतरतं, मागे तपकिरी डाग आणि कोंड्यासारखी साल राहते. रुबेला त्याच वाटेने जातो, पण घाईत: तीन दिवसांत सगळं संपतं, ताप हलका, आणि कानामागे व मानेच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात. कांजिण्या धडावर सुरू होतात, मग चेहरा आणि डोकं. हात-पाय-तोंडाचा आजार नावाप्रमाणे टोकांवर बसतो.

तपासणी ४: तोंडात बॅटरी

मोबाइलचा दिवा आणि एक चमचा पुरे. जीभ बाजूला करून आतल्या गालावर, दाढांच्या समोर बघा. लालसर भागावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके असतील आणि पुसून जात नसतील तर तो गोवर. कॉप्लिकचे ठिपके म्हणतात त्यांना. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ आलं की लवकरच जातात, त्यामुळे नाही दिसले म्हणून गोवर नाही असं समजू नका. दुधाचा थर पुसला जातो, त्याला फसू नका.

टाळूवर, जिभेवर, ओठांच्या आत लाल कडेचे छोटे व्रण असतील तर हात-पाय-तोंडाचा आजार. जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, दाणेदार, घसा सुजलेला, तोंडाभोवती मात्र फिकं वर्तुळ, तर स्कार्लेट ताप. यात पुरळ आपोआप जातं, पण घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा बंदोबस्त केला नाही तर पुढे सांधेताप आणि हृदयाच्या झडपांचं दुखणं लागू शकतं. म्हणून डॉक्टरांनी १० दिवसांचं अँटिबायोटिक दिलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही.

ओठ लाल, सुकलेले, भेगा पडलेले, डोळे लाल पण चिपड नाही, मानेत एक मोठी गाठ, हातपाय सुजलेले आणि ताप पाचव्या दिवशीही कायम, तर कावासाकी आजाराचा संशय घ्यायचा. हा संसर्गजन्य नाही, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगवतो. इम्युनोग्लोब्युलिन हे शिरेतून द्यायचं औषध तापाच्या पहिल्या १० दिवसांत मिळालं तर तो धोका खूप कमी होतो.

तपासणी ५: ठिपका जवळून

आता ठिपक्याकडे या. कांजिण्यांचा फोड पातळ सालीचा असतो, आत स्वच्छ पाणी, भोवती लाल कडा, जणू लालसर पाकळीवर दवाचा थेंब. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होतं, मध्ये खळगा पडतो, खपली धरते. खरी ओळख मात्र एका फोडात नाही. पाठीवर तळहाताएवढी जागा निवडा आणि मोजा: त्या एवढ्याशा जागेत नुसता लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली हे तिन्ही सोबत दिसले तर कांजिण्या. कारण त्या तीन-चार दिवस लाटा-लाटांनी येतात. डोक्यात केस बाजूला करून बघा, तिथे फोड सापडले तर शंका उरत नाही.

हात-पाय-तोंडाचे फोड लांबट, राखाडी, जाड सालीचे असतात आणि फारसे खाजत नाहीत. या आजाराच्या विषाणूंपैकी कॉक्सॅकी ए६ या प्रकारात ते चेहऱ्यावर आणि अंगभरही पसरतात, तेव्हा तोंड आणि तळवे हाच आधार. या आजारानंतर महिना-दीड महिन्याने नखं सुटून येऊ शकतात. घाबरू नका, नवी येतात.

एक निळ्या पेनाची युक्ती: गांधी किंवा चट्टा असेल तर कडेने रेघ ओढा आणि वेळ लिहा. पित्ताची गांध २४ तासांच्या आत ती जागा सोडते. फोडाभोवतीची लाली मात्र रेघेबाहेर पसरत गेली, ती जागा गरम आणि दुखरी झाली, तर जिवाणूचा संसर्ग बसला आहे. घरचा उपाय इथे संपला.

तपासणी ६: झाकलेल्या जागा

पूर्ण कपडे काढून काख, जांघ, कानामागे, कमरेच्या नाडीखाली, ढुंगणाच्या घडीत बघा. मधोमध काळी खपली, भोवती लाल कडा, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी जखम सापडली आणि ताप आहे, तर स्क्रब टायफस. गवताझुडपांतल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. २०१८ साली नागपूर विभागात त्याची साथ आली होती आणि मृत्यूही झाले. औषध स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन, पण खपली शोधलीच नाही तर निदान चुकतं आणि ताप उतरत नाही. ही जखम दुखत नसल्याने मूल स्वतः सांगत नाही.

तान्ह्या बाळाचं नाक आणि चेहरा तापानंतर काळवंडला, अंगावर मोठे फोड आले तर चिकुनगुनिया डोक्यात ठेवा. २०२४ च्या पावसाळ्यात त्याची नागपुरात मोठी साथ होती.

तपासणी ७: लसीचं कार्ड, औषधांच्या बाटल्या, शेजारपाजार

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत, दोन्ही मोफत. दोन्ही डोस कार्डावर असतील तर गोवराची शक्यता बरीच कमी. एकच किंवा एकही नाही, तर गोवर वरच्या क्रमांकावर. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, ती खासगीत विकत घ्यावी लागते. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्या’ हे उत्तर कांजिण्यांच्या बाबतीत काही सिद्ध करत नाही.

गेल्या दोन आठवड्यांत नवीन सुरू केलेलं प्रत्येक औषध मांडून ठेवा. अँटिबायोटिकचं किंवा फिटच्या गोळीचं पुरळ बहुधा सुरू केल्यापासून ४ ते १४ दिवसांत निघतं. कातडी दुखते, सोलते, सोबत तोंडात आणि डोळ्यांत फोड आले, तर औषध बंद करून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

बालवाडीत, वाड्यात, लग्नघरी कोणाला असंच काही होतं का? कांजिण्या संपर्कानंतर १० ते २१ दिवसांनी उगवतात, म्हणून काल-परवाचं आठवून उपयोग नाही, तीन आठवडे मागे जा. गोवर झालेल्या मुलाशी संपर्क येऊन ७२ तास झाले नसतील तर लस न झालेल्या, ६ महिन्यांवरच्या मुलाला तातडीने लस देऊन आजार टाळता येतो. हा वेळ निघून जाऊ देऊ नका.

तपासणी ८: रक्त

इथपर्यंत आल्यावरच पैसे खर्च करा, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचा अंश शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त होणं ही नेहमीची चूक आहे. गोवराचा संशय असेल तर आशाताईला किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा. ताप-पुरळाची नोंद घेऊन नमुना तपासणं हे त्यांचं कामच आहे, आणि त्यातून वस्तीतली बाकीची मुलं वाचतात. साध्या कांजिण्या, रोझिओला, हात-पाय-तोंड यांना रक्ततपासणीची गरज नसते.

घरी काय द्यायचं

पॅरासिटामॉल वजनावर: दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १० किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिला २५० असलेलं सिरप ३ मिलि, ५ मिलिला १२५ असलेलं ६ मिलि, आणि थेंबांच्या बाटलीतलं, ज्यात १ मिलिला १०० असतात, दीड मिलि. थेंबांचं औषध १२५ च्या सिरपच्या मापाने पाजलं तर चौपट डोस जातो. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. ॲस्पिरिन मुलांना नाही. कांजिण्यांत आणि डेंग्यूच्या संशयात आयब्युप्रोफेनही नाही.

घरात मातामायची पूजा, दारात कडुलिंबाचा डहाळा, मुलाला वेगळं निजवणं, हे खुशाल करा. वेगळं निजवणं तर उपयोगाचंच आहे. पण आंघोळ बंद, जेवण बंद, औषध बंद, हे करू नका. आंघोळ न घातलेल्या, नखं वाढलेल्या मुलाच्याच फोडांत पू होतो. कोमट पाण्याने रोज आंघोळ, टिपून कोरडं करणं, नखं कापणं, खाजेला कॅलामाइन. तोंडात व्रण असतील तर गार ताक, पेज, दहीभात. संत्र्याचा रस आणि तिखट झोंबतं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने नको.

गोवरात व्हिटॅमिन ए दोन दिवस लागोपाठ देतात, कारण या आजारात त्याचा साठा संपतो आणि डोळे जाण्याचा धोका असतो. वर्षावरच्या मुलाला रोज २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. हे डॉक्टर किंवा आरोग्य केंद्र देतं, घरी अंदाजाने पाजायचं औषध नाही.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

बाळ ३ महिन्यांच्या आतलं आणि ताप १००.४ किंवा वर. काचेने न जाणारे ठिपके. मान ताठ, झटके, उठवूनही नीट जागं न होणं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं. आठ तास लघवी नाही. गोवरात पुरळ उतरल्यावर पुन्हा ताप, बहुधा न्यूमोनिया. कांजिण्यांत चौथ्या दिवसानंतर नव्याने ताप किंवा तोल जाणं. हात-पाय-तोंडाच्या आजारात झोपेत दचकून अंग उडणं, पाय लटपटणं. यांतलं एक असलं तरी १०८ लावा किंवा नागपुरातली मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल ते गाठा. फाटकावरच ‘ताप आणि पुरळ आहे’ असं सांगा आणि मुलाला ओपीडीच्या रांगेत बसवू नका. गोवराचा विषाणू मूल उठून गेल्यावरही दोन तास हवेत राहतो.

काही घरांत पुरळ साधं असलं तरी थांबायचं नाही. मूल स्टेरॉइड किंवा कॅन्सरच्या औषधांवर असेल, तर कांजिण्यांच्या पहिल्याच फोडाला डॉक्टर. घरात गरोदर बाई असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील, किंवा रुबेला अथवा लाल गालांच्या आजाराशी संपर्क आला असेल, तर तिने त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवायचं.

आणि सिकल सेल. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. पार्व्हो विषाणू ७-१० दिवस नवं रक्त बनणं थांबवतो. निरोगी मुलाला ते कळतही नाही, पण सिकल सेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन दोन-चार दिवसांत धोक्याच्या खाली येतं, आणि त्याच्या अंगावर पुरळ कदाचित दिसणारही नाही. अशा घरात भावंडाचे गाल लाल झाले, तर सिकल सेल असलेल्या लेकराची पापणी रोज खाली ओढून बघा. आतली लाली पांढुरकी पडली, मूल दमायला लागलं, तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) करून घ्या, रक्त चढवावं लागू शकतं.

शाळा कधी? कांजिण्यांत शेवटच्या फोडाची खपली धरल्यावर, साधारण पहिला फोड आल्यापासून ५ ते ७ दिवसांनी. गोवरात पुरळानंतर पूर्ण ४ दिवस घरी. हात-पाय-तोंडात ताप जाऊन फोड सुकल्यावर. लाल गालांच्या आजारात पुरळ दिसेपर्यंत संसर्गाचा काळ उलटून गेलेला असतो, मूल ठीक असेल तर दुसऱ्या दिवशीही पाठवता येतं.